मुंबई–दिल्ली विमानप्रवासातला ‘चोरलेला’ तास

दिवाळीच्या सुमारास तिकिटांचे भाव चढले की एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आकडे मात्र तेच असतात. थोडक्यात तो असा:

“मुंबई ते दिल्ली हवाई अंतर ११५० किमी. विमानाचा वेग ताशी ९०० किमी. म्हणजे प्रवास सव्वा तासाचा. तिकिटावर मात्र सव्वादोन तास! हा एक तास कोण खातो? इंधन अधिभार उकळता यावा म्हणून विमान मुद्दाम लांबून वळवून नेतात. जाताना-येताना वेळ वेगळा लागतो तो पृथ्वी फिरते म्हणून, पण हे कोणी सांगत नाही. पूर्वी हेच अंतर लवकर कापलं जायचं, आता पेट्रोल वाचवायला विमान हळू चालवतात. म्हणूनच आपण ‘वेळेआधी’ पोहोचतो आणि टाळ्या वाजवतो. जागे व्हा, पुढे पाठवा.”

एकाच मेसेजात कंपनी लांबून जाऊन इंधन जाळते आणि हळू जाऊन इंधन वाचवतेही. लिहिणाऱ्याने एक काहीतरी ठरवायला हवं होतं. तरी मेसेज सरसकट टाकाऊ नाही. शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि ते तथ्य बाकीच्या बडबडीत हरवतं हेच वाईट आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

“११५० भागिले ९००, उत्तर सव्वा तास”

आधी अंतर. सीएसएमटीपासून कॅनॉट प्लेसपर्यंत सरळ रेषा ओढली तर ती सुमारे १,१६५ किमी भरते. सांताक्रूझ-सहारच्या विमानतळापासून दिल्लीच्या पालमपर्यंत ओढली तर सुमारे १,१४० किमी. अंतर सांगणाऱ्या कित्येक संकेतस्थळांवर आपण शहरं मोजतोय की विमानतळ, हे नीट लिहिलेलंच नसतं. मेसेजवाल्याचा आकडा या दोहोंच्या मध्ये आहे, आणि दहा-पंधरा किलोमीटर म्हणजे विमानाचं एखादं मिनिट. त्यावरून भांडण नको.

भांडण आहे ते वेगाशी. ताशी ९०० हा आकडा बोइंग ७८७ किंवा ७७७ सारख्या मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानांचा. मुंबई–दिल्ली मार्गावरची बहुतेक उड्डाणं एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ घराण्यातल्या विमानांची असतात. ती पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर ध्वनीच्या साधारण ०.७८ पट वेगाने जातात. तिथल्या थंड हवेत हा वेग ताशी ८३० ते ८५० किमी होतो. ए३२० ची कमाल मर्यादाच ध्वनीच्या ०.८२ पट आहे. पाठीमागून वारा नसेल तर ९०० चा आकडा त्याच्या आवाक्याबाहेरचा समजा.

आणि हा ८३०चा वेगसुद्धा किती वेळ मिळतो? विमान धावपट्टी सोडताक्षणी या वेगाला लागत नाही. दहा हजार फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६३ किमी, ही वेगमर्यादा असते. वर चढताना इंजिनाची ताकद उंचीवर खर्ची पडते. मुंबई–दिल्ली सरळ रेषेवर मोजलं तर पस्तीस हजार फुटांवर पोहोचेपर्यंत विमान नवापूरच्या आसपास आलेलं असतं, म्हणजे महाराष्ट्राची हद्द संपत आलेली असते आणि वीस-बावीस मिनिटं गेलेली असतात. उतरण्याचंही तसंच. वैमानिकांचा ढोबळ हिशोब असा की दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल लागतात. पस्तीस हजार फुटांचे झाले १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किमी. म्हणजे राजस्थानात दौशाच्या आसपास, दिल्ली अजून दोनशे किलोमीटर दूर असताना, उतरण सुरू झालेली असते.

नवापूर ते दौसा, एवढ्याच सुमारे सातशे किलोमीटरच्या पट्ट्यात विमान आपल्या पूर्ण वेगाने जातं. तिथे पन्नास मिनिटं लागतात. चढायला बावीस, उतरून रांगेत लागून चाकं टेकायला साधारण तीस. बेरीज झाली सुमारे एक तास चाळीस मिनिटं. ही हवेतली वेळ. सव्वा तासाचा आकडा इथेच संपला, आणि कोणी कोणाचा वेळ खाल्लेला नाही.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती हवेतली नसतेच. तिला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान उभं असतं तेव्हा चाकांना अडसर म्हणून ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू होतं, आणि दुसऱ्या विमानतळावर ठोकळे पुन्हा लागले की थांबतं. मधे जमिनीवर जे घडतं ते सगळं यात येतं.

मुंबईत जमिनीवर काय घडतं हे मुंबईकराला वेगळं सांगायची गरज नाही, फक्त ते विमानाच्या चाकांवरही लागू आहे. इथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. बहुतेक काळ मुख्य धावपट्टी पश्चिमेच्या दिशेने वापरतात. उतरणारी विमानं घाटकोपरच्या डोक्यावरून येतात, उडणारी जुहूवरून समुद्राकडे जातात. उडायला जायचं तर विमानाला पूर्वेच्या टोकापर्यंत सरपटत जावं लागतं. विलेपार्ल्याच्या बाजूच्या टर्मिनल एकवरून निघालात तर जवळपास अख्खी धावपट्टी बाजूने चालून जायचं, आणि मग रांग. त्या रांगेत फक्त उडणारे नसतात. त्याच पट्टीवर उतरणारेही असतात, आणि अग्रक्रम हवेतल्याला असतो. पंधरा-वीस मिनिटं इथे सहज जातात.

दिल्लीत धावपट्ट्या चार आहेत, पण विमानतळ पसरलेला आहे. चौथी धावपट्टी आणि तिच्याबरोबर २.१ किमीचा उंचावरचा टॅक्सीवे (धावपट्टी आणि टर्मिनल यांमधली विमानाची वाट), ज्याखालून रस्ता जातो, हे दोन्ही जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. त्याआधी लांबच्या धावपट्टीवरून टर्मिनलकडे येणाऱ्या विमानाला सात-सात किलोमीटरचा जास्तीचा फेरा पडायचा. टॅक्सीवेवर विमान शहरातल्या रिक्षापेक्षा फार जोरात जात नाही. आजही टेकल्यापासून दार उघडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं धरायला हवीत.

आता बेरीज करा. हवेत एक तास चाळीस, मुंबईत पंधरा-वीस, दिल्लीत दहा-पंधरा. दोन तास पाच ते सव्वादोन. तिकिटावरचा आकडा जवळजवळ पूर्ण जुळला.

मेसेजवाल्याचं गणित राजधानीला लावून पाहा. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली सुमारे १,३८५ किमी, कमाल वेग ताशी १३०. भागाकार केला तर दहा तास चाळीस मिनिटं. प्रत्यक्षात गाडी साडेपंधरा तास घेते. “रेल्वे आपले पाच तास खाते” असा मेसेज मला अजून तरी कोणी पाठवलेला नाही. रेल्वे सुटते, थांबते, वळणावर मंदावते हे आपण खिडकीतून बघतो. विमानाच्या खिडकीतून यातलं काही दिसत नाही, एवढाच फरक.

एक सरकारी आकडाही आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा केंद्र सरकारने भाड्यांना किमान-कमाल मर्यादा घातल्या. त्यासाठी मार्गांचे सात गट केले होते आणि गट पाडायची कसोटी होती उड्डाणाचा वेळ. मुंबई–दिल्ली तेव्हा ९० ते १२० मिनिटांच्या गटात होती, भाडं ३,५०० ते १०,००० रुपये. सव्वा तासाचा प्रवास असता तर तो ६० ते ९० मिनिटांच्या स्वस्त गटात गेला असता. ज्या सरकारला तेव्हा भाडी दाबायची होती त्याने उगाच वरचा गट दिला नसता.

“मुद्दाम लांबून वळवून नेतात, इंधन अधिभारासाठी”

फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर मुंबई–दिल्ली उड्डाणाची रेषा बघितली तर ती दोन्ही टोकांना हुकासारखी वळलेली दिसते. मेसेजबरोबर कधीकधी असा स्क्रीनशॉटही जोडलेला असतो, लाल गोल काढून. तो खरा आहे. त्याचा अर्थ मात्र लाल गोलवाल्याने लावला तो नाही.

विमान वाऱ्याच्या तोंडाला उडतं आणि वाऱ्याच्या तोंडालाच उतरतं. मुंबईत वारा बहुतेक समुद्राकडून, म्हणून उड्डाण पश्चिमेला. दिल्ली ईशान्येला, त्यातही बरीचशी उत्तरेला. म्हणजे जायचं असतं मुलुंड-ठाण्याच्या बाजूला आणि निघायचं असतं जुहूच्या समुद्रावर. तिथून उजवीकडे वळून मार्गाला लागायचं. दिल्लीतही वारा जास्त करून पश्चिमेचा किंवा वायव्येचा, त्यामुळे उतरणं पूर्वेकडून. दक्षिणेकडून आलेलं विमान विमानतळाच्या बाजूने पुढे काढतात, पूर्वेला यमुनेपर्यंत, कधी यमुनेपलीकडे नेतात, आणि मग डावीकडे वळवून धावपट्टीच्या रेषेत आणतात. पालम खिडकीतून दिसावं आणि विमान त्याच्यापासून दूर जात राहावं, हा अनुभव या मार्गाचा नेहमीचा आहे. संशय यायला पुरेसा, हे कबूल.

मधल्या टप्प्यातही रेषा अगदी दोरीसारखी नसते, आणि त्याचं कारण कंपनी नाही. आपल्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलासाठी राखीव असतो. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सांगितलं होतं की देशाच्या आकाशातला केवळ ६० टक्के भाग नागरी विमानांना मुक्तपणे वापरता येतो. निर्बंध शिथिल केले तर विमानक्षेत्राचा वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा फायदा होईल, असा सरकारचा अंदाज होता. तेव्हापासून काही मार्ग सरळ झाले, काही ठरावीक वेळांपुरते खुले होतात. वळसा घालण्यात कंपन्यांना एवढा रस असता तर तो काढून टाकण्याला हजार कोटींचा ‘फायदा’ कोणी म्हटलं नसतं.

आता अधिभार. इथे मेसेज सपशेल पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोने इंधन अधिभार लावला होता तेव्हा त्याचे टप्पे जाहीर झाले होते: ५०० किमीपर्यंत ३०० रुपये, ५०१ ते १,००० किमीला ४००, १,००१ ते १,५०० किमीला ५५०, आणि असेच पुढे. जानेवारी २०२४ मध्ये तो काढून टाकला. हे टप्पे दोन विमानतळांमधल्या अंतरावर ठरलेले होते. आज वारा कुठून आहे, विमानाने किती घिरट्या घातल्या, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. मुंबई–दिल्लीचे ५५० रुपये विमान सरळ गेलं तरी ५५० आणि आग्र्याला प्रदक्षिणा घालून आलं तरी ५५०.

उलट बाजूचा खर्च किती? तोही सरकारनेच मांडला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबई विमानतळावरच्या गर्दीबद्दल निवेदन काढलं. त्यात म्हटलं होतं की विमान सरासरी तासाला २,००० किलो इंधन जाळतं. ४० मिनिटं हवेत घिरट्या घातल्या तर सुमारे १.७ किलोलिटर, म्हणजे १.८ लाख रुपयांचं इंधन जातं. तासभर घातल्या तर २.५ किलोलिटर, २.६ लाख रुपये. म्हणजे कंपनीने खरंच हवेत एक तास ‘खाल्ला’, तर १८० आसनांच्या विमानात डोक्यामागे साधारण १,४४० रुपयांचं इंधन जळेल. ५५० रुपये मिळवायला १,४४० जाळायचे, आणि ते आसन भरलेलं असेल तर! असा धंदा करणारी कंपनी मेसेज लिहिणाऱ्याने उघड करायच्या आधीच बंद पडेल.

“जाताना-येताना वेळ वेगळा, कारण पृथ्वी फिरते”

हा मुद्दा लोकांना आवडतो, कारण तो विज्ञानासारखा ऐकू येतो. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किमीने पूर्वेकडे सरकतो. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग सुमारे १,५७५, दिल्लीच्या अक्षांशावर सुमारे १,४६५. विमान हवेत गेल्यावर जमीन खालून सरकून जात असती, तर मुंबईहून कोलकात्याला कोणी पोहोचलंच नसतं. विमान ताशी ८३० ने पाठलाग करणार आणि कोलकाता दीड हजारांनी पुढे पळणार. नाशिकच्या वर हेलिकॉप्टर तासभर एका जागी तरंगत ठेवलं तर खाली अरबी समुद्र यायला हवा होता. तसं होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. उडायच्या आधी धावपट्टीवर उभं असतानाही त्याच्याजवळ हाच वेग असतो, आणि उडाल्याने तो नाहीसा होत नाही.

फरक पडतो तो हवा जमिनीच्या मानाने वाहते तेव्हा, म्हणजे वाऱ्याने. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, अकरा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला उपोष्ण जेट प्रवाह म्हणतात. त्याचा वेग १०० नॉटच्या, म्हणजे ताशी १८५ किमीच्या वर जाणं नेहमीचं आहे. मुंबई–कोलकाता ही पश्चिम-पूर्व, सुमारे १,६६० किमीची वाट. तिथे हा फरक हिवाळ्यात डोळ्यात भरतो: जाताना वारा ढकलतो, येताना अडवतो.

पावसाळ्यात चित्र पालटतं. पश्चिमेचा प्रवाह हिमालयापलीकडे सरकतो आणि द्वीपकल्पाच्या वर पूर्वेकडून येणारा प्रवाह तयार होतो. या पूर्व जेट प्रवाहाचं वर्णन १९५८ मध्ये भारतीय हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी केलं. जुलैमध्ये वारा बदलतो, पण पृथ्वी काही जुलैमध्ये उलटी फिरत नाही. मेसेजमधल्या दाव्याला एवढं एकच उत्तर पुरे होतं.

पण मेसेज मुंबई–दिल्लीबद्दल आहे, आणि तिथे वाऱ्यालाही फार श्रेय देता येत नाही. मार्ग मुख्यतः उत्तरेला जाणारा आणि वारा पूर्वेला जाणारा, म्हणजे तो बराचसा बाजूने लागतो. १०० नॉटच्या पश्चिम वाऱ्यात जाताना मदत मिळते ताशी पन्नासेक किलोमीटरची. येताना अडथळा होतो ऐंशी-पंच्याऐंशीचा. बाजूच्या वाऱ्यात नाक तिरपं धरून जावं लागतं, त्यात थोडा वेग दोन्ही वेळा जातो, म्हणून तोटा नफ्यापेक्षा जास्त. आणि हा जोराचा वारा मार्गाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागातच भेटतो. सगळं मिळून जाण्या-येण्यात पाच-सात मिनिटांचा फरक.

दिल्लीहून परतताना वीस-तीस मिनिटं जास्त लागली असतील तर ती वाऱ्याने घेतलेली नाहीत. ती वसई-पालघरच्या वर कुठेतरी घिरट्या घालण्यात गेली, कारण खाली एकच धावपट्टी होती. वर उल्लेख केलेल्या निवेदनाच्या वेळीच मंत्रालयाने मुंबईत गर्दीच्या तासांमधली विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ वर आणायला लावली. ४४ म्हणजे दर ८२ सेकंदांना एक विमान, तेही एका पट्टीवर. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा हे ते गर्दीचे तास. एका विमानाला धावपट्टीवरून बाहेर पडायला अर्धं मिनिट जास्त लागलं तरी त्याचा धक्का मागे पार गुजरातच्या हद्दीपर्यंत पोहोचतो.

“पूर्वी लवकर जायचं, आता हळू चालवतात”

पूर्वी म्हणजे कधी? जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपाल आणि प्रवासी आपसांत बदलायची आणि पहाटे आपापल्या गावी परतायची. मुंबई–दिल्ली व्हाया नागपूर, डकोटा विमानाने, अख्खी रात्र. ते दिवस मेसेजवाल्याला नको असतील.

त्याला म्हणायचंय जेट विमानांचा काळ. इंडियन एअरलाइन्सकडे १९६४ मध्ये कॅरव्हेल आली, सत्तरीच्या सुरुवातीला बोइंग ७३७, आणि १९७६ मध्ये एअरबस ए३००. त्या काळचं वेळापत्रक आजच्यापेक्षा आखूड होतं हे खरं. पण ती विमानं आजच्यापेक्षा वेगवान नव्हती. त्या जुन्या ७३७ चा नेहमीचा वेग आजच्या ए३२० पेक्षा थोडा कमीच होता. प्रवासी जेट विमानांचा वेग गेल्या साठ वर्षांत जवळजवळ तिथेच थांबला आहे, कारण ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. बदललं आहे ते जमिनीवरचं. तेव्हा सांताक्रूझला विमानं मोजकी होती, आता त्याच दोन छेदणाऱ्या पट्ट्यांवर दिवसाला नऊशेहून जास्त ये-जा होते.

इंधन वाचवायला वेग थोडा कमी ठेवतात, हे मात्र खोटं नाही. प्रत्येक कंपनी वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचा तोल साधून वेग ठरवते, आणि इंधन महाग झालं की तो तोल हळू जाण्याकडे झुकतो. पण याने पडणारा फरक किती? वर पाहिलेल्या सातशे किलोमीटरच्या पट्ट्यात ध्वनीच्या ०.८० पट वेगाऐवजी ०.७६ पट वेगाने गेलं तर अडीच ते तीन मिनिटं जास्त लागतात. न्यूयॉर्कच्या प्रवासात हे मोठं होईल. दिल्लीच्या प्रवासात तेवढा वेळ पुढच्या रांगेतले काका वरची बॅग काढण्यात घेतात.

“म्हणूनच वेळेआधी पोहोचतो”

इथे मेसेज निम्मा बरोबर आहे.

वेळापत्रकात मोकळीक ठेवलेली असते. प्रत्येक हंगामासाठी, म्हणजे मार्च अखेर ते ऑक्टोबर अखेर आणि ऑक्टोबर अखेर ते मार्च अखेर, कंपन्या वेळापत्रक बांधतात. त्यासाठी मागच्या हंगामात त्या मार्गावर, दिवसाच्या त्या वेळी प्रत्यक्ष किती वेळ लागला हे पाहतात. सरासरी धरली तर जवळपास निम्मी उड्डाणं उशिरा ठरतील, म्हणून शंभरातल्या साठ-सत्तरांना पुरेल असा आकडा घेतात. ज्या दिवशी मुंबईत रांग नसते आणि दिल्लीत सरळ उतरायला मिळतं, त्या दिवशी ही मोकळीक उरते आणि विमान वीस मिनिटं आधी पोहोचतं. मग घोषणा होते, तीही मोठ्या अभिमानाने. आपणच आखलेल्या सैल वेळापत्रकाला हरवल्याचा हा अभिमान मला कायम गमतीदार वाटतो. शिवाय पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ या खात्यात जमा होतो. सैल वेळापत्रक आणि वर पंधरा मिनिटं, एवढ्यावर नव्वद टक्के उड्डाणं वेळेवर असल्याची जाहिरात करणं फार अवघड नाही.

पण ही मोकळीक दहा-वीस मिनिटांची असते, तासाची नव्हे. आणि ती कंपनीला फुकट पडत नाही. छोट्या पल्ल्याचं विमान दिवसाला बारा-तेरा तास कामात राहावं यावर कंपनीचं पोट चालतं. सहा फेऱ्यांना प्रत्येकी दहा मिनिटं वाढवली तर दिवसातला तास गेला. प्रत्येक फेरीला तास वाढवला तर दोन फेऱ्याच रद्द होतील. म्हणून मोकळीक ठेवताना कंपनीचे दोन विभाग आपसांत भांडतात: एकाला वेळेवर पोहोचल्याचे आकडे हवे असतात, दुसऱ्याला आणखी एक फेरी.

मेसेजने पकडायला हवी होती अशी एक गोष्ट सुटून गेली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, उशीर झाल्यास प्रवाशाला खाणंपिणं कधी द्यायचं हे ब्लॉक टाइमवर ठरतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की द्यावं लागतं, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास झाले की. म्हणजे छापलेली वेळ अडीच तासांच्या वर सरकली तर प्रवाशाचा हक्क एक तास पुढे ढकलला जातो. मुंबई–दिल्ली अजून अलीकडे आहे. मुंबई–कोलकातासारख्या, अडीच तासांच्या काठावरच्या मार्गांवर पाचेक मिनिटांची भर कुठे पडते, हे बघत राहणं पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. नकाशावर मोजलं तर तिथून पालमही सुमारे १,१४० किमीच भरतं, सांताक्रूझपेक्षा दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे. अंतर तेच, विमानं तीच, वारा तोच. तरीही पुढच्या काही हंगामांत दोन्हीकडच्या छापील वेळा वेगळ्या निघाल्या तर तो फरक जवळजवळ पूर्णपणे जमिनीवरचा आणि रांगेचा असेल. मेसेजवाल्याला खरा हिशोबच करायचा असेल तर त्याच्यासाठी इतका चांगला प्रयोग पुन्हा होणे नाही.

राहिला प्रश्न “एक तास कुठे जातो” हे कोणाला विचारायचं याचा. वैमानिकाला विचारून उपयोग नाही, तो बिचारा रांगेत आपल्यासारखाच बसलेला असतो. अमेरिकेत सरकारच मोठ्या कंपन्यांच्या प्रत्येक देशांतर्गत उड्डाणाची माहिती खुली करतं: विमान किती वाजता जागेवरून हललं, किती मिनिटं जमिनीवर सरपटलं, हवेत किती होतं, टेकल्यावर दाराशी यायला किती लागली, आणि वेळापत्रकात किती छापलं होतं. आपल्याकडे महासंचालनालय दरमहा वेळेवरपणाचे टक्के देतं, कंपनीनिहाय आणि मोठ्या विमानतळांपुरते. मार्गनिहाय, मिनिटांच्या हिशोबात ही माहिती मागणारा मेसेज आला तर मी तो स्वतः चार ग्रुपवर पुढे पाठवीन.